मुलांच्या हाती अवजार

मूल उभे राहून चालू लागले की त्याचा हात भोवतालच्या वस्तूंकडे धावतो. मोठी माणसे जे हाताळतात ते आपणही हाताळावे, ही ओढ त्याला कोणी शिकवावी लागत नाही. आई भाजी चिरीत असेल तर त्यालाही भाजी चिरावयाची असते. वडील भिंतीत खिळा ठोकीत असतील तर हातोडी त्याला हवी असते. या ओढीला बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते : "हात लावू नकोस, लागेल!"

हे उत्तर मायेपोटी दिलेले असते आणि आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते योग्यही असते. त्या वयात धारदार वस्तू, विस्तव, औषधे आणि उघड्यावरचे पाणी मुलापासून दूर ठेवणे व त्याच्यावर सतत नजर ठेवणे, हाच खरा उपाय होय. परंतु मूल सहा, आठ, दहा वर्षांचे झाले तरी तेच उत्तर चालू राहिले, तर त्याचा अर्थ निराळा होतो. सुरी, विळी, काडेपेटी या वस्तू घरातून नाहीशा झालेल्या नसतात. घरात कोणी नसताना भूक लागते, पेन्सिलीला टोक काढावयाचे असते, पतंगाची काडी तासावयाची असते. आणि मग ज्या वस्तूची मनाई होती तिच्याशी मुलाची पहिली गाठ पडते ती एकट्याने, चोरून व घाईघाईने. त्या क्षणी त्याच्यापाशी भीती असते. सुरी कशी धरावी, बोटे कोठे ठेवावीत, हे ज्ञान मात्र नसते. पुढे बोट कापलेच, तर ते सांगणे म्हणजे अपराध कबूल करणे ठरते. म्हणून जखम लपवली जाते आणि वेळीच व्हावयाचा उपचार राहून जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सुरक्षितता म्हणजे केवळ धोक्याचा अभाव नव्हे. ती हाताने शिकावयाची विद्या आहे, आणि ती शिकवण्याची रीत जगातील अनेक शिक्षकांनी प्रयोग करून, निरीक्षण करून सिद्ध केलेली आहे. त्या रीतीची ओळख प्रत्येक पालकास व शिक्षकास असावयास हवी.

हात, लक्ष आणि भीती

मनुष्याच्या एका हातात मनगटासह सत्तावीस हाडे असतात. ती हलविणाऱ्या स्नायूंपैकी बरेचसे कोपराखालच्या भागात असून लांब कंडरांच्या साहाय्याने ते बोटे ओढतात. या यंत्रणेवर मेंदूचे फार मोठे लक्ष असते. वाइल्डर पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली मेंदूच्या पृष्ठभागाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यात हात व बोटे यांच्या वाट्याला शरीराच्या आकारमानाच्या मानाने कितीतरी मोठा प्रदेश आलेला दिसतो.

कोणतीही नवी हालचाल शिकताना आरंभी तिचा प्रत्येक भाग जाणीवपूर्वक करावा लागतो. करवत कोठे टेकवावी, किती दाबावी, दुसरा हात कोठे असावा, या सर्वांकडे एकाच वेळी अवधान द्यावे लागते. पुष्कळ सराव झाल्यावर तीच हालचाल आपोआप होऊ लागते आणि लक्ष मोकळे होते. सुताराला बोलता बोलता रंधा मारता येतो, नवशिक्याला येत नाही, याचे कारण हेच होय.

नवशिक्याचे सारे लक्ष कामात गुंतलेले असताना पाठीमागून कोणी "अरे, सांभाळ!" असे ओरडले तर काय होते? मूल चमकून ओरडणाऱ्याकडे पाहते, म्हणजे नेमकी पात्यावरची नजर काढते. शिवाय भीतीने शरीरात ॲड्रेनलिन नावाचा स्राव वाढतो, हृदयाचे ठोके जलद होतात, मूठ अधिक आवळली जाते आणि बोटे थरथरू लागतात. बारीक काम करावयाच्या हाताला यापेक्षा वाईट अवस्था नाही. शिकवताना आवाज शांत ठेवावा, हा नियम केवळ सौजन्याचा नाही; मुलाच्या बोटांची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते.

सूचनेच्या रचनेकडेही लक्ष द्यावयास हवे. "सांडू नकोस", "कापून घेऊ नकोस" या वाक्यांतून काय टाळावे ते कळते. काय करावे ते कळत नाही. त्याऐवजी "भांडे दोन्ही हातांनी धर", "बोटांची टोके आत वळव", "पाते फळीला टेकव" अशा सूचना दिल्यास मुलाच्या हाताला दिशा मिळते. थोड्या अनुभवानंतर मोठ्यांनाही असे बोलण्याची सवय होते.

शिक्षकांनी घालून दिलेली वाट

मुलांच्या हाती खरे अवजार देण्याची कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली प्राथमिक शाळांतून हस्तव्यवसाय हा आवश्यक विषय झाला. शेजारच्या स्वीडनमध्ये नेस या गावी ऑटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत लाकूडकामाच्या शिक्षणाची एक शिस्तबद्ध पद्धती उभारली. 'स्लॉइड' या नावाने ती जगभर गेली आणि ती शिकण्यासाठी अनेक देशांचे शिक्षक नेस येथे येत.

सालोमोन यांनी मुलाच्या हाती प्रथम दिली ती सुरी. खेड्यातील मुलाला ती आधीपासून माहीत असते आणि ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे त्यांचे सूत्र होते. पहिली वस्तू अगदी सोपी असे. पुढच्या प्रत्येक वस्तूत एखादे नवे अवजार किंवा एखादी नवी क्रिया येई. वस्तू घरात उपयोगी पडणारी असावी आणि ती सर्वस्वी मुलाने स्वतः केलेली असावी, असा आग्रह असे. शिक्षकाने मुलाच्या हातातून काम घेऊन ते 'नीट करून' परत देणे या पद्धतीत बसत नव्हते. उभे कसे राहावे, अवजार कसे धरावे, यांचेही शिक्षण त्यात होते.

रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथे तीन ते सहा वर्षांची मुले पाणी ओतणे, गुंड्या लावणे, टेबल पुसणे, ताटे मांडणे अशी कामे करीत. विशेष हे की भांडी खेळण्यातली नसून खरी, फुटणारी असत. काचेचा पेला निष्काळजीपणे ठेवला तर तो फुटतो. ही चूक वस्तूच दाखवून देते, त्यासाठी कोणी रागावण्याची गरज राहत नाही. १९३९ साली माँटेसरीबाई मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धाच्या काळात त्यांचे वास्तव्य भारतातच झाले. त्यांच्या हाताखाली अनेक भारतीय शिक्षक तयार झाले. तत्पूर्वीच, १९२० साली, गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. शिक्षा आणि बक्षीस या दोहोंवाचून मूल शिकू शकते, ही त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डी व कोसबाड येथे हे शिक्षण आदिवासी मुलांच्या दारापर्यंत नेले. बोर्डी व कोसबाड ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची योजना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सात ते चौदा वर्षांची मुले टकळीवर सूत काढीत आणि त्यातूनच मोजमाप, गणित व भूगोल शिकत. टकळी हे साधन लहान, स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. पहिले अवजार म्हणून तिची निवड या दृष्टीनेही विचारपूर्वक केलेली दिसते.

पायरी कशी बांधावी

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर व गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन, चार व पाच वर्षांच्या तीस मुलांना एकमेकांत बसणारे एकवीस लाकडी ठोकळे देऊन त्यांचा मनोरा रचावयास सांगितले होते. शिक्षिकेने मदत कशी करावी हे ठरलेले होते : मूल स्वतः करू शकेल तेवढे त्याला करू द्यावयाचे आणि अडेल तेथेच पुढे व्हावयाचे. या निरीक्षणांतून चांगल्या मार्गदर्शकाची कामे त्यांनी सांगितली. मुलाचे मन कामाकडे वळविणे, काम लहान करून देणे, ध्येय नजरेसमोर ठेवणे, महत्त्वाची खूण दाखविणे, वैताग आवरणे, आणि स्वतः करून दाखविणे, ही ती सहा कामे होत. इमारत बांधताना परांची उभारतात व भिंत पक्की झाली की ती काढून घेतात, तसे या मदतीचे स्वरूप असते. म्हणून या रीतीला शिक्षणशास्त्रात परांचीचेच नाव मिळाले.

भाजी चिरण्याचे उदाहरण घेतले म्हणजे ही रीत नीट समजेल. तीन-चार वर्षांच्या मुलाला केळ सोलणे, मटार सोलणे, पालेभाजीची पाने खुडणे ही कामे द्यावीत. यांत पाते नाही, परंतु दोन्ही हातांची जोड आहे. त्यानंतर धार नसलेल्या पात्याने सोललेल्या केळ्याचे तुकडे करावयास द्यावे. पुढची पायरी उकडलेल्या बटाट्याची. सहा-सात वर्षांच्या सुमारास, हात स्थिर झालेला दिसला की लहान मुठीची खरी सुरी द्यावी. हे वय केवळ अंदाजाचे आहे. एखादे मूल सहाव्या वर्षी तयार असते, एखादे आठव्या. वयापेक्षा मुलाचे हात व त्याचा धीर पाहूनच निर्णय घ्यावा.

ही सुरी धारदार असावी, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. बोथट पाते भाजीत शिरत नाही. मूल जोर करते, पाते निसटते आणि तो सारा जोर बोटावर येतो. धारदार पाते थोड्या दाबाने चालते, म्हणून ते ताब्यात राहते. फळी घसरू नये यासाठी तिच्याखाली ओले फडके पसरावे. फळी मुलाच्या कमरेच्या उंचीवर यावी. ओटा उंच असेल तर पक्का पाट द्यावा किंवा जमिनीवर बसवावे. काकडी किंवा बटाटा गोल असतो व लोळतो. तो प्रथम मोठ्यांनी उभा चिरून द्यावा आणि सपाट बाजू खाली ठेवावी. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे मांजराच्या पंजासारखी आत वळवावीत, म्हणजे पात्याच्या बाजूला बोटांची टोके न येता पेरांची पाठ येते. मूल डावखुरे असेल तर सुरी त्याच्या डाव्या हातातच असू द्यावी. दुबळ्या हाताकडून धारदार काम करवून घेणे हा धोका मोठ्यांनीच निर्माण केलेला असतो.

विळीचे शिक्षण सुरीनंतर द्यावे. महाराष्ट्रात विळी, बंगालात बोटी, तमिळनाडूत अरुवामनै व आंध्रात कत्तिपीट, अशा नावांनी हे साधन देशभर आढळते. येथे पाते स्थिर असते आणि भाजी धरलेले दोन्ही हात पात्याकडे जातात. त्यामुळे जोर हाताबाहेर गेला की बोटे थेट पात्यावर जातात. शिवाय काम संपल्यावरही पाते उभेच राहते. म्हणून विळीवर बसण्याआधी विळी मिटणे किंवा आडवी करणे शिकवावे. अवजार आणणे, वापरणे, पुसणे व जागेवर ठेवणे या चारही क्रिया मिळून एक काम होते, हे मुलाच्या अंगवळणी पडले पाहिजे.

लाकूडकामात हाच क्रम राहतो. हातोडी हलकी असावी. मोठ्या माणसाची हातोडी मुलाच्या मनगटाला पेलत नाही आणि घाव वाकडा पडतो. पहिले खिळे साबणाच्या वडीत किंवा मऊ लाकडात ठोकावयास द्यावेत. खिळा बोटांनी धरण्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचून ती पट्टी लांबून धरली, तर चुकलेला घाव पुठ्ठ्यावर पडतो. करवत चालविताना लाकूड शेगड्यात घट्ट अडकवावे, म्हणजे मोकळा हात पात्यापासून दूर राहतो. डोळ्यांना चष्मा व पायांत बंद पादत्राण असावे. पटाशी नेहमी शरीरापासून दूर ढकलावी आणि दुसरा हात तिच्या धारेमागे असावा.

विस्तवाचे शिक्षण मोठ्यांच्या उपस्थितीतच द्यावे. काडेपेटीच्या बाजूच्या पट्ट्यावर तांबडा फॉस्फरस असतो व काडीच्या टोकात ऑक्सिजन पुरविणारे पोटॅशियम क्लोरेट असते; घर्षणाने दोहोंची गाठ पडली की ज्वाला उठते. हे कळले की काडी अंगापासून दूर का ओढावी, पेटी आधी बंद का करावी, हे मुलाला पटते. केस बांधलेले, कपडे सुती व अंगाबरोबर, शेजारी पाण्याची बादली आणि विझलेली काडी पाण्यात, एवढी तयारी प्रत्येक वेळी असावी. पेटलेला स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी मुलावर सोपवून निघून जाऊ नये.

प्रोत्साहन म्हणजे काय

प्रोत्साहन म्हणजे स्तुतीचा वर्षाव, असा समज आढळतो. प्रयोगांचा निष्कर्ष तसा नाही.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील एका बालशाळेत चित्रे काढण्याची हौस असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी तारा व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळी मुले काय करतात हे पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेने चित्रे काढलेली मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांना देत असल्याचे दिसले. जे काम आवडीने होत होते, ते बक्षिसासाठी करावयाचे काम झाले होते.

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतील मुलांना कोडी सोडवावयास दिली. यश मिळाल्यावर काहींना "तू हुशार आहेस" असे म्हटले, तर काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस" असे म्हटले. पुढे कोणते काम हवे असे विचारता, हुशारीची स्तुती झालेल्या मुलांचा कल आपली हुशारी दिसेल अशा सोप्या कामाकडे गेला. मेहनतीची दखल घेतलेल्या मुलांना नवे काही शिकविणारे काम हवे होते. अवघड कोड्यांत अपयश आल्यावर पहिल्या गटाचा उत्साह अधिक ढासळला.

अवजारांच्या शिक्षणात या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. "शाबास, तू किती शूर!" असे ऐकलेले मूल शौर्य दाखविण्यासाठी जोराने हातोडी मारील. "वा, किती भरभर चिरलेस!" असे ऐकलेले मूल पुढच्या वेळी अधिक घाई करील. ज्या गोष्टीची दखल घेतली जाते ती वाढीस लागते. म्हणून दखल घ्यावयाची ती सुरक्षित कृतीची, नेमक्या शब्दांत आणि ताबडतोब. "बोलावयाच्या आधी सुरी खाली ठेवलीस, हे बरे केलेस." "सगळे तुकडे झाले तरी बोटे आत वळलेली होती." "करवत अडकली तेव्हा जोर न लावता थांबलास, विचारलेस." अशा वाक्यांतून मुलाला कळते की आपण नेमके काय बरोबर केले आणि पुन्हा काय करावयाचे. शेवटच्या वाक्यातील गुण तर सर्वांत मोलाचा आहे. थांबणे आणि विचारणे हे अपयश नसून कौशल्याचाच भाग आहे, असे ज्या मुलाला वाटते, ते एकटे असतानाही थांबते.

आणखी एक प्रोत्साहन शब्दांवाचून होते. मुलाने चिरलेली काकडी त्याच दिवशी कोशिंबिरीत पडावी. त्याने केलेली खुंटी भिंतीवर लागावी. तुकडे लहानमोठे असले म्हणून कोणी ते गुपचूप पुन्हा चिरू नयेत. आपल्या श्रमाचा घराला उपयोग झाला, हे पाहून मुलाला जे समाधान होते त्याला बक्षिसाची जोड लागत नाही.

चूक आणि दुखापत

कितीही काळजी घेतली तरी एखादे वेळी बोट कापते, चटका बसतो. त्या क्षणी मोठी माणसे कशी वागतात यावर पुढचे पुष्कळसे शिक्षण अवलंबून असते. "सांगितले होते ना!" हे वाक्य तेव्हा निरुपयोगी असते. आधी उपचार करावा.

लहान जखम स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सतत दाबून धरावी. मधून मधून उघडून पाहू नये. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल किंवा बोट वाकत नसेल तर त्वरित डॉक्टरांकडे जावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे आणि अंगठी किंवा बांगडी सूज येण्यापूर्वी काढावी. बर्फ, टूथपेस्ट, तेल किंवा हळद लावू नये. भाजलेला भाग मुलाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात वा सांधे भाजले असतील तर वैद्यकीय मदत घ्यावी. राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस दिली जाते. ती चुकू देऊ नये. संकटकाळी ११२ हा क्रमांक देशभर चालतो, हेही मुलांना पाठ असावे.

उपचार झाल्यावर, मूल शांत झाल्यावर, काय घडले ते त्याच्याकडूनच ऐकावे. फळी सरकली होती काय? नजर कोठे होती? कारण सापडले की त्या दिवशी नाही तरी लवकरच तेच काम एक पायरी खालून पुन्हा करावयास द्यावे. जखमेनंतर अवजार कायमचे काढून घेतले, तर मुलाच्या मनात भीती तेवढी उरते.

पाण्याने दिलेला धडा

मनाई आणि शिक्षण यांतील फरक बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर दिसून आला. तेथे घराघराशेजारी पोखरी आहेत आणि बुडून मरणाऱ्या बालकांची संख्या फार मोठी होती. पोखरी बुजविणे शक्य नव्हते व मुलांना कायम दूर ठेवणेही शक्य नव्हते. तेव्हा वयाप्रमाणे दोन उपाय योजले गेले. अगदी लहान मुलांसाठी, आई कामात असते त्या वेळात, गावातच देखरेखीची बालकेंद्रे उघडली. चार वर्षांवरील मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण बांधून क्रमाक्रमाने पोहणे शिकविले. पंचवीस मीटर पोहणे, तरंगत राहणे आणि बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः उडी न घेता काठावरून काठी पुढे करणे, हे त्यात येई. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे शिक्षण मिळालेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा खूपच कमी आढळले. शाळकरी मुलांना पोहणे व पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनाही करते. कोवळ्या वयात कुंपण आणि जाणत्या वयात कौशल्य, हा नियम पाण्याइतकाच सुरीला व विस्तवाला लागू पडतो.

शिक्षण आणि राबवणूक

मुलांच्या हाती काम देण्याचा विषय निघाला की भारतात एक शंका योग्यच उपस्थित होते. ज्या देशात असंख्य मुलांचे बालपण भट्टीपुढे व हातमागावर संपले, तेथे कामाचे गुणगान सावधपणे केले पाहिजे. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना नोकरीवर ठेवणे प्रतिबंधित असून चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक व्यवसायांत ठेवता येत नाही. शिक्षण आणि राबवणूक यांतील भेद ओळखणे कठीण नाही. काम मुलाच्या वाढीसाठी असेल तर मुलाला थांबता येते, चुकता येते, आणि काम त्याच्या मापाने लहान केले जाते. काम उत्पादनासाठी असेल तर मुलाला कामाच्या वेगाने धावावे लागते. अशा ठिकाणी कितीही गोड बोलले तरी ते प्रोत्साहन नव्हे.

दुसरा भेद घरातलाच आहे. मुलीच्या हाती विळी लवकर येते आणि पेचकस कधीच येत नाही. मुलाच्या बाबतीत याच्या उलट घडते. स्वतःपुरता भात शिजविता न येणारा मुलगा व सैल झालेला स्क्रू घट्ट करता न येणारी मुलगी, दोघेही पुढे परावलंबी राहतात. दोघांनाही दोन्ही शिकवावे.

शाळांचे काम मोठे आहे, परंतु वाट अज्ञात नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे सुतारकाम, लोहारकाम, वीज, शेती व स्वयंपाक यांच्याद्वारे विज्ञान शिकविण्याचा जो पाठ घडला, तो पुढे अनेक शाळांत गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचा दप्तरमुक्त काळ सुचविला असून त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. या दहा दिवसांचे चीज व्हावयाचे तर मुलांच्या मापाची अवजारे, प्रत्येक गटामागे एक जाणता माणूस आणि प्रथमोपचाराची पेटी यांची व्यवस्था आधी झाली पाहिजे. तसेच गावातील सुताराला व कुंभाराला शाळेत शिक्षकाचा मान मिळाला पाहिजे.

घराला मात्र एवढी वाट पाहावयाची गरज नाही. आठवड्यातून एका सकाळी अर्धा तास, एक फळी, एक लहान धारदार सुरी, दोन काकड्या आणि शेजारी बसलेले एक शांत माणूस, एवढ्या सामग्रीवर आरंभ होऊ शकतो. पहिल्या दिवशी तुकडे वेडेवाकडे होतील व वेळ फार लागेल. त्या दिवशी पाहावयाचे ते एवढेच की पाते चालू असता मुलाची नजर पात्यावर होती की नाही, आणि काम संपल्यावर सुरी पुसून जागेवर गेली की नाही. त्या दोन गोष्टी झाल्या असतील तर तसे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि पुढच्या आठवड्याची काकडी त्यालाच निवडू द्यावी.